जुन्या लॅपटॉपवर मिंट टाकावं की लुबुंटू?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. माझ्या मामांच्या लॅपटॉपात दुसऱ्या पिढीचा आय-थ्री आणि ४ जीबी रॅम. "अगं, चालतोय ना अजून? मग भंगारात कशाला घालायचा?" असं मामा म्हणाले, आणि मला ते पूर्ण पटलं. मेल, यूट्यूब, वीजबिल आणि मराठीत चार पानं टाइप करणं एवढ्यासाठी नवं मशीन घ्यायची गरज नव्हती.

अशा मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकता येते. कुठलं लिनक्स, असा सल्ला विचारला की लोक दहा नावं सांगतात. नवख्या माणसाने त्यातल्या दोनांतच निवड करावी असं माझं मत आहे: लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती (एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मेनू-खिडक्यांची मांडणी), नाहीतर लुबुंटू. दोन्ही मोफत आणि दोन्ही उबुंटू या लिनक्सवर उभ्या, त्यामुळे हार्डवेअर एकावर चाललं तर बहुधा दुसऱ्यावरही चालतं.

हलकेपणात लुबुंटू पुढे आहे. त्याचा एलएक्सक्यूटी डेस्कटॉप रॅम कमी खातो आणि २ जीबीच्या मशीनवर हे लगेच जाणवतं. पण जुन्या संगणकाची खरी दमछाक ब्राउझर करतो. चार टॅब उघडले की दोन्ही सिस्टिम जवळपास सारख्याच थकतात. शिवाय लुबुंटूत फायरफॉक्स ब्राउझर स्नॅप स्वरूपात, म्हणजे लागणारं सगळं सोबत बांधलेल्या पॅकेजात येतो. फिरत्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला बराच वेळ घेतो, आणि काही दिसत नाही म्हणून माणूस पुन्हा पुन्हा क्लिक करत बसतो. मिंटने स्नॅप मुळातच बंद ठेवलंय. तिथे फायरफॉक्स साध्या पॅकेजातून येतो. म्हणून ४ जीबी रॅम असेल तर लुबुंटूच्या हलकेपणाचा फारसा फायदा उरत नाही.

माझा कौल मिंटकडे झुकतो तो मात्र दुसऱ्या कारणाने. खाली कोपऱ्यात ढालीचं चिन्ह दिसतं. अपडेट आली की त्यावर खूण येते, क्लिक करून पासवर्ड दिला की काम झालं. सोबत टाइमशिफ्ट आधीपासूनच असतं. सिस्टिमची आजची स्थिती जपून ठेवायची, उद्या काही बिघडलं तर तिथवर मागे यायचं. लुबुंटूतही टाइमशिफ्ट टाकता येतं, पण त्यासाठी ते ठाऊक असावं लागतं, आणि नवख्याची अडचण नेमकी तीच असते. मुदतीतही फरक आहे: लुबुंटू २४.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत अपडेट मिळतील, मिंट २२ ला २०२९ पर्यंत. मामांकडे दर दोन-तीन वर्षांनी सिस्टिम बदलायला कोण जाणार?

मराठी टायपिंगमध्ये दोन्ही बरोबरीत. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा कगप फोनेटिक (उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) आराखडा मिळतो, इन्स्क्रिप्टही आहे. पण घरी श्री-लिपी किंवा आयएसएममध्ये काम चालत असेल तर घाई करू नका. ती विंडोजची सॉफ्टवेअर आहेत आणि त्यांच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइल युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात) आणल्याशिवाय इथे नीट वाचता येणार नाहीत. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनाही सांगेन: घाई करू नका.

३२ बिटचा (जुन्या घडणीच्या प्रोसेसरचा) प्रश्न बरेचदा उगाच घाबरवतो. विंडोज ३२ बिट असली तरी आतला प्रोसेसर ६४ बिट असू शकतो. सिस्टिमच्या माहितीत 'एक्स६४' दिसलं की निश्चिंत व्हा. प्रोसेसरच ३२ बिट असेल तर मिंट २२ आणि लुबुंटू २४.०४ दोन्ही बाद. तिथे डेबियन १२ या लिनक्सवर उभं असलेलं अँटिक्स २३ हे हलकं लिनक्स चालेल, पण त्याचा डेस्कटॉप नवख्याला गोंधळात टाकतो. फायरफॉक्सनेही १४४ नंतर ३२ बिट लिनक्ससाठी नव्या आवृत्त्या थांबवल्या आहेत. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करू नयेत असं मी ठामपणे सांगते.

सिस्टिम निवडण्याआधी खरं तर मशीनकडे बघा. फिरती हार्ड डिस्क काढून २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी (फिरता भाग नसलेली जलद डिस्क) घातली की जो फरक पडतो, तो मिंट आणि लुबुंटूमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. रॅमची जागा रिकामी असेल तर तीही भरा. आणखी एक बारीक गोष्ट. मामांच्या लॅपटॉपवर कुठलीच वेबसाइट उघडेना, प्रत्येक ठिकाणी 'सुरक्षित नाही'. मी तासभर वायफायच्या मागे लागले. मग कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं: तारीख कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सीआर२०३२ सेल संपला होता. चुकीच्या तारखेमुळे वेबसाइटची सर्टिफिकेट (खरेपणाची ओळखपत्रं) ब्राउझरला अवैध वाटत होती. सेल बदलला आणि सगळं सुरू झालं.

तर ६४ बिट प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असेल तर मिंट एक्सएफसीई घ्या. २ जीबीच असेल आणि वाढवता येत नसेल तर लुबुंटू, तेही एका वेळी दोन-तीन टॅबची सवय ठेवून.

कुठलंही निवडलं तरी आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. इन्स्टॉल न करता आवाज येतो का, वायफाय लागतं का, कॅमेरा दिसतो का आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का हे तपासा. ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड असेल तर बरेचदा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळा घ्यावा लागतो. त्यावेळी फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंगवर इंटरनेट घ्या आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून तो बसवा. प्रिंटरही त्याच बैठकीत जोडून एक पान काढा, कारण काही जुन्या लेझर प्रिंटरना लिनक्सचा चालणारा ड्रायव्हर मिळत नाही. आणि इन्स्टॉल करताना 'डिस्क पुसा' हा पर्याय निवडणार असाल तर त्याआधी फोटो, पासबुकाचे स्कॅन, पेन्शनची कागदपत्रं दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या, आणि तो ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर उघडून खात्री करा.