कूलर काढायचा, जातं ठेवायचं: ऑडॅसिटी वापरून पाहिलं

मे महिन्यात आमच्या बोरी नदीकाठच्या माहेरी भरदुपारी "कूलर बंद करा" असं कुणाला म्हणवत नाही. पारा ४४ च्या पुढे, समोर ८२ वर्षांची चुलतआजी (आम्ही सगळे तिला मोठी माय म्हणतो) आणि तिच्यापुढे जातं. तिच्या अहिराणी ओव्या मला पॉडकास्टसाठी हव्या होत्या. कूलर चालूच ठेवला आणि तासभर रेकॉर्डिंग केलं. अमळनेरला परत आल्यावर हेडफोन लावला, तर ओव्यांच्या मागे पंख्याचा घोंघाट, पंपाची गुणगुण आणि कूलरच्या गवतातून ठिबकणारं पाणी.

आधी एका ऑनलाइन एआय सेवेकडे गेले. तासाभराची मोनो वेव्ह फाइल सुमारे ३४५ एमबीची, म्हणून चारच मिनिटं कापून चढवली. कूलर गेला, पण त्याच्यासोबत जातंही गेलं. अशा सेवा माणसाचा बोलण्याचा आवाज तेवढा राखतात, बाकी सगळं त्यांच्या लेखी गोंगाट. ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते. फेराच काढून घेतला तर मोठी माय मध्येच का थांबते, दमून का ओढते, काहीच कळेना. त्यात अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, डोळ्याचा डोया, केळीची केयी. ओळीच्या शेवटी ती आवाज खाली टाकते, तिथले हे 'य' पार पुसून गेले होते. ऐकून पोटात तुटलं. जे जपायला निघाले होते तेच गेलं होतं.

मग ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरवर आले. फुकट आहे, २००० सालापासून लोक वापरताहेत, आणि नेट नसलं तरी चालतं. यातलं नॉइज रिडक्शन दोन पायऱ्यांचं आहे. आधी नुसत्या गोंगाटाचा तुकडा निवडून 'गेट नॉइज प्रोफाइल' (गोंगाटाचा नमुना घे) दाबायचं, मग पूर्ण ट्रॅक निवडून इफेक्ट लावायचा. माझ्या नशिबाने मोठी माय दाणे घ्यायला सुपाकडे वळली तेव्हाची दहा सेकंदं निव्वळ कूलरची मिळाली. आता मी प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी सगळ्यांना गप्प बसवून तेवढी दहा सेकंदं मुद्दाम घेते. हे जातं वाचवणारं काम आहे, कारण हा इफेक्ट आवाजाचे सुरांनुसार पट्टे पाडतो आणि ज्या पट्ट्यात आवाज प्रोफाइलच्या पातळीच्या आसपास किंवा खाली असेल तेवढाच दाबतो. जात्याची घरघर कूलरपेक्षा मोठी, म्हणून ती बहुतेक तशीच राहते.

माझ्याकडे आधी १२ डेसिबलचं सेटिंग होतं. मी १२ चे ८ केले. जास्त ओढलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. पण सगळ्यात मोलाचं बटण 'रेसिड्यू'. ते निवडून प्रिव्ह्यू केलं की काय काढलं जातंय तेवढंच ऐकू येतं. १२ वर ऐकलं तेव्हा पंख्याच्या सुसाटात मोठी मायची फुसफुस होती, ओळीअखेरचा श्वास आणि अर्धा 'य'. ८ वर आल्यावर नुसता पंखा राहिला. ही एक सोय मला ज्यात मिळणार नाही ते सॉफ्टवेअर मी ओव्यांसाठी घेणार नाही.

पंपाच्या गुणगुणीसाठी नॉच फिल्टर (ठरावीक सूर तेवढाच कापणारा), आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ५० आणि १०० वर. खालचे सूर कापणारा हाय-पास फिल्टर मात्र टाळला, जात्याचं वजन खालच्याच सुरात आहे. शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळा आवाज एका ठरावीक पातळीवर आणणं. तिथे मूळ आकडा उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) असतो, पॉडकास्टसाठी तो हळू पडतो. ॲपल उणे १६ एलयूएफएस सांगतं, मी तेच ठेवते.

रीपर हे दुसरं ध्वनी-सॉफ्टवेअरही पाहिलं. ६० दिवस वापरून बघायला देतात, साधा परवाना ६० डॉलरचा. त्यातलं रिआफिर हे साधन असंच प्रोफाइल घेऊन वजाबाकी करतं आणि मूळ फाइलला हात लावत नाही. मुलाखती, दोन-तीन माइक, संगीत असं सगळं करणाऱ्याने तेच घ्यावं. माझ्यासारख्या शाळा सांभाळून रात्री बसणारीला ऑडॅसिटी लवकर हाताशी येतं. फक्त मूळ वेव्ह वेगळी जपून ठेवा, बदल नेहमी तिच्या प्रतीवर करा.

मागच्या रविवारी मोबाइल मोठी मायच्या कानाला लावला. दोन ओव्या ऐकल्या आणि म्हणाली, "हाई मनंच जातं शे." (हे माझंच जातं आहे.)

राहिला तो ठिबकणारा थेंब. तो सतत नाही, त्यामुळे प्रोफाइलमध्ये बसत नाही. स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजाच्या चित्रात) प्रत्येक थेंबाची उभी बारीक रेघ दिसते, ती मोठी करून एकेक निवडते आणि शब्दाला धक्का लागत नसेल तरच दाबते. काल रात्री अकराव्या मिनिटापर्यंत आले.