नाव सिरॅमिकचं, दातात सिमेंट: ३४,५०० रुपयांना मी कसा फसलो

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी एकोणीस वर्षं दिवाणजी आहे. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय आमच्याकडं कुणी भाव बोलत नाही. तोच मी, दातात काय भरतायत ते न विचारता पैसे मोजून आलो. लिहायला लाज वाटतेय. पण ती मंडळी अजून गावोगाव शिबिरं घेतायत, म्हणून लिहितोय.

मोफत दंततपासणी शिबिर. पुढचं तुम्हाला माहीत आहेच: तपासणी फुकट, मग छोट्या कॅमेऱ्यातून आपलेच दात मोठे करून दाखवायचे, मग 'आज केलं तर सवलत'. माझ्या पुढच्या सहा दातांना हिरडीलगत घासून खाचा पडल्या होत्या. गार पाणी लागलं की कळ मस्तकात जायची, आणि मे महिन्यात मुलीचं लग्न. हौसेनं गेलो नव्हतो. 'नॅनो सिरॅमिक, दाताच्याच रंगाचं, दहा वर्षं डाग पडणार नाही.' दाताला ३,८०० प्रमाणे २२,८०० रोख दिले. पावतीवर फक्त 'दंत उपचार'. शेतकऱ्याच्या पट्टीत हमाली वेगळी दाखवली नाही तर मी पट्टी परत पाठवतो, आणि ही चिठ्ठी मी घडी घालून खिशात ठेवली!

खुर्चीत पडल्या पडल्या सगळं दिसत होतं, तेच आठवून झोप उडते. मदतनीस मुलीनं कागदी पॅडवर पावडर घेतली, दोन थेंब टाकले आणि चमच्यानं घोटलं. वर्षभरापूर्वी माझ्या मुलीचा दात भरला तेव्हा मी शेजारीच होतो. तयार पेस्ट सिरिंजमधून आली होती, थर देऊन प्रत्येक थरावर निळा लाइट धरला होता. मी विचारलंसुद्धा, "लाइट नाही का मारत?" "काका, हे नवीन आहे, याला लाइट लागत नाही." तोंडात कापूस होता, गप्प बसलो. चाळीस मिनिटांत सहा दात उरकले. रंग जुळवायची पट्टी दाताला लावली नाही, पॉलिश केलं नाही. जिभेला काचकागद लागावा तसं लागत होतं. म्हणे, जेवता जेवता गुळगुळीत होईल. असं कुणी म्हणालं तर पॉलिश झाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

चार महिन्यांत सहाही दातांवर पिवळट छटा आणि कडेनं तपकिरी रेघ. परत गेलो तर माझ्यावरच उलटले: "तुम्ही हळदीत काम करता ना?" तिथं मी खचलो. कपड्यांना, नखांना, सगळ्यालाच हळद लागते आमच्याकडं, म्हणून खरं वाटलं. 'डागरोधक कोटिंग'चे आणखी ४,५०० दिले. तीन आठवड्यांत तेही गेलं.

शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरांनी टोकदार सळई कडेवरून फिरवली, ती खटकन अडकली. हे ग्लास आयोनोमर सिमेंट, म्हणाले. वाईट नाही, लहान मुलांच्या दातांत भरतात, पण कॉम्पोझिटपेक्षा (मुलीच्या दातात भरली तसली, लाइटनं घट्ट होणारी पेस्ट) स्वस्त, लवकर झिजतं आणि झिजून खडबडीत झालं की डाग धरतं. हळद, चहा, तंबाखूचा डाग चांगल्या कॉम्पोझिटवरही पडतो. तो वरवरचा असेल तर पॉलिशनं निघतो. कडेला रेघ आली की मात्र तिथं फट असू शकते, ती तपासून घ्या. आणि दात पांढरे करायच्या औषधानं भरलेला भाग पांढरा होत नाही, त्यावर पैसे घालू नका. सहा दात पुन्हा भरले, १,२०० प्रमाणे ७,२००. एकूण ३४,५०० गेले.

चौकीत गेलो. "दात पिवळा झाला म्हणून गुन्हा?" साहेब हसले. मी गॅरंटी कार्ड दाखवलं, त्यांनी उलटून पाहिलं नाही. एका कार्यालयात अर्ज दिला, त्यांनी दुसरीकडं पाठवलं, दुसऱ्यांनी पुन्हा पहिल्याकडं. चार हेलपाटे, दर वेळी अर्ध्या दिवसाचा खाडा, आणि 'कळवू'. कोण कळवणार? कधी? फसवणारा शिबिराचा मांडव घालतो तेव्हा कुणी परवाना विचारत नाही, माझ्याकडं मात्र तीन प्रतींत झेरॉक्स.

ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हे मला एका वकिलाच्या कारकुनानं सांगितलं. कुठल्याही टेबलावर सांगितलं नाही. जुनं भरलेलं काढण्याआधी फोटो काढा आणि नव्या डॉक्टरांकडून काय निघालं ते लिहून घ्या. मी घेतलंय. बिलावर मटेरियलचं नाव लिहून मागा, नाही म्हणाले तर उठून या.

परवा त्या क्लिनिकमधून फोन आला. ८,००० परत देतो, तक्रार नाही असं लिहून द्या. मी दिलेलं नाही.