मिररलेस कॅमेरा, बरेच महिने वापरल्यानंतर: फोटो सुंदर, पण ते बाहेर काढायचे कसे?

मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. माझा 24 मेगापिक्सेल, एपीएस-सी सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप, फोनमधल्यापेक्षा बरीच मोठी), सोबत 16-50 एमएमची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी झूम लेन्स. वॉरंटी संपल्यावर लगेच लेन्सचा ऑटोफोकस गेला. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, सुटा भाग मिळत नाही, पूर्ण युनिटच बदला. खर्च जवळपास नव्या लेन्सइतका. संताप आला, बॅग कपाटात टाकली आणि सगळं फोनवरच काढायला लागलो.

तेव्हा जाणवलं की मला लेन्सपेक्षा जास्त त्रास कॅमेऱ्याच्या ॲपने दिला होता. फोटो घ्यायचे तर कॅमेरा स्वतःचं वाय-फाय सुरू करतो, फोन त्याला जोडला जातो, मग 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही' म्हणून परत मोबाइल डेटावर उडी मारतो. पुन्हा पहिल्यापासून. ब्लूटूथवर आपोआप येते ती फक्त 2 मेगापिक्सेलची प्रत. अहो, 2007च्या पहिल्या आयफोनचा कॅमेरा तेवढा होता! घरचे तिथल्या तिथे फोटो मागतात आणि तेवढ्यात फोनवाल्याचे फोटो ग्रुपवर पोचलेले असतात. कार्ड रीडर हाच खरा उपाय, पण इतके पैसे मोजल्यावर वर तोही बाळगायचा?

जपानी उत्पादकांच्या संघटनेचे, म्हणजे सीपाचे, आकडे बघा: 2010मध्ये 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, 2023मध्ये जेमतेम 77 लाख. खिशातल्या छोट्या कॅमेऱ्यांचा तर फोनने जवळपास फडशाच पाडला. माझ्या मते त्यात फोनच्या सेन्सरइतकाच वाटा 'काढला की पाठवला' या सोयीचा आहे, आणि कंपन्यांना ते अजून उमगलेलं नाही.

महिनाभर फोनवर खूश होतो. कॅमेरा विकायचंही ठरलं होतं. मग घरातल्या कार्यक्रमात, पिवळ्या दिव्यांत धावणारी मुलं टिपली आणि सगळे चेहरे मेणासारखे गुळगुळीत आले, हात पुसट. फोन अनेक फ्रेम एकत्र जोडून अंधार भरून काढतो; समोरचा माणूस स्थिर असेल तर कमाल करतो, हलला की संपलं.

म्हणून हिशोब मांडला. माझा सेन्सर चांगल्या फोनच्या मुख्य सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने साधारण पाचपट. पण किट लेन्स f/3.5ची, फोनची f/1.8 (हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त), म्हणजे प्रकाश साधारण चौथा हिस्सा. मोठ्या सेन्सरचा फायदा लेन्सनेच खाऊन टाकला. किट लेन्सवर फोनशी तुलना करून 'कॅमेरा घेऊन काय मिळालं' असं विचारणाऱ्यांचं म्हणूनच चुकत नाही.

ती लेन्स मी दुरुस्त करणार नाही. त्याहून कमी पैशांत जुनी 35 एमएम f/1.8 मिळाली, आणि त्याच दिव्यांत मुलांचे डोळे, केस, हवेतला हात सगळं लख्ख आलं. आता कॅमेरा विकायचा नाही. बॉडीला पाचपैकी चार, किट लेन्सला दोन. ॲपला शून्य, आणि फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) सुधारेपर्यंत ते शून्यच राहील.