नाळेतल्या रक्ताची खासगी बँक : किट झकास, जाहिरात अर्धवट (5 पैकी 2 स्टार)

आधीच सांगते, पैसे माझे नाही, चुलत बहिणीचे जाणार होते. तिला आठवा लागलाय, आणि सोनोग्राफीच्या रांगेत बसलेली असतानाच अशा बँकेची, म्हणजे जन्मावेळी नाळेतलं रक्त घेऊन त्यातल्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी पुढे उपचाराला लागल्या तर म्हणून गोठवून ठेवणाऱ्या कंपनीची मुलगी फाइल घेऊन शेजारी येऊन टेकली. माझ्या लेकीला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे जीनमधल्या बिघाडामुळे अंगात नीट रक्त तयार होत नाही, दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवतो, त्यामुळे घरात असलं काही निघालं की फोन मलाच, "ताई, घेऊ का गं?" म्हटलं बोलव तिला घरी, मी पण येते. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीये.

चांगलं ते चांगलं. मुलगी वेळेवर आली, किट उघडून दाखवलं, थर्मोकोलचा डबा, रक्त गोठू नये म्हणून औषध घातलेली पिशवी, आईच्या रक्तासाठी वेगळ्या ट्यूब, बारकोडचे स्टिकर, सगळं नीट. डिलिव्हरी झाली की फोन करायचा, कुरिअरवाला हॉस्पिटलमधून उचलतो, आणि मग उणे 196 डिग्रीला लिक्विड नायट्रोजनमध्ये. लायसन्सची कॉपी मागितली तर तीही दाखवली. दोन स्टार याचेच.

आता ब्रोशर. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात पॅरिस, 1988, नाळेतल्या रक्ताचं जगातलं पहिलं ट्रान्सप्लांट. खरंय, सेंट लुई हॉस्पिटलमध्ये डॉ. एलियान ग्लुकमान यांनी केलं आणि लहान मुलांच्या रक्ताच्या आजारांसाठी ते केवढं मोठं काम आहे हे आमच्यासारख्या आईबापांना सांगायला नको. पण पुढची गोष्ट ब्रोशरमध्ये नाहीच. पेशंट होता फँकोनी अ‍ॅनिमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा पाच वर्षांचा अमेरिकन मुलगा आणि रक्त त्याचं स्वतःचं नव्हतं, नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचं होतं! ती पोटात असतानाच तपासलेलं की तिला आजार नाही आणि एचएलए (दुसऱ्याच्या पेशी शरीर स्वीकारेल का हे ठरवणाऱ्या खुणा) मॅच होतंय, मग अमेरिकेत इंडियानात हॅल ब्रॉक्समायर या शास्त्रज्ञांच्या लॅबने ते गोठवलं आणि ते पॅरिसला नेलं. म्हणजे कोणासाठी ठेवायचं हे आधी ठरलेलं. आणि ह्या कंपन्या विकतायत काय, तर "बाळाचं रक्त बाळासाठी".

मी सरळ विचारलं, बाळाला उद्या थॅलेसेमिया निघाला तर? "म्हणूनच तर ठेवायचं मॅडम, तुमच्या फॅमिलीत आहेच ना." अगं बाई, बिघाड जीनमध्ये आहे, आजारी बाळाच्या नाळेतल्या पेशींतही तोच जीन असणार, त्या परत देऊन काय होणार? शिवाय माझी बहीण मायनर (म्हणजे बिघडलेला जीन एकच, स्वतःला आजार नाही) असली तरी तिच्या नवऱ्याची एचपीएलसी, म्हणजे थॅलेसेमियाची रक्ततपासणी, नॉर्मल आहे, बाळ फार तर मायनर होईल, हे त्या मुलीला माहीतच नव्हतं. मग गाडी माझ्या लेकीवर आली, "तुमच्या बेबीला पण कामी येऊ शकतं." सख्ख्या भावंडातसुद्धा पूर्ण मॅच लागायचा चान्स चारात एक, आमच्याकडे लेकीच्या दादाचा नाही लागला, मग आत्याच्या-मावशीच्या मुलाची काय आशा धरायची. हे ऐकून मात्र राग आला खरा, कारण मॅचची वाट बघणाऱ्या घरात असं बोलून जाणं फार सोपं असतं.

ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं पान पण तसंच. ब्रिटनमधले शास्त्रज्ञ मेल ग्रीव्ह्ज यांच्या टीमने पुढे ल्युकेमिया झालेल्या मुलांची, जन्मल्यावर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांची जपून ठेवलेली वाळलेली कार्डं तपासली तर काहींमध्ये ल्युकेमियाचा पहिला बिघाड तेव्हाच सापडला. मग स्वतःचंच रक्त परत द्यायला कुठला डॉक्टर धजावेल?

आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, तिच्या 2017च्या गाइडलाइन्समध्ये स्पष्ट लिहिलंय की स्वतःसाठी साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. मोठ्या मुलाला असा आजार असेल आणि आई पुन्हा गरोदर असेल तर मात्र ठेवावं असंही त्यातच आहे. तुमचं तसं असेल तर हा रिव्ह्यू सोडा, सेल्सवालीच्या आधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना भेटा, सुरुवातीलाच, म्हणजे पोटातल्या बाळाची आजाराची टेस्ट वेळेत होते आणि एचएलएचं पण विचारता येतं.

अजून एक, नाळ लगेच कापू नये, निदान मिनिटभर थांबावं असं डब्ल्यूएचओ सांगते, बाळाला लोह जास्त मिळतं. तेवढं रक्त पिशवीत कमी येणार. यावर ती म्हणाली "डॉक्टर अ‍ॅडजस्ट करतात." काय अ‍ॅडजस्ट करतात ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पॅकेज लाखाच्या आसपास, ईएमआय आहे. बहिणीने नको म्हणून कळवलंय तरी कुठल्या ना कुठल्या नंबरवरून कॉल येतातच, परवा म्हणे नाळेचा तुकडा पण फ्रीमध्ये साठवून देऊ. आयसीएमआरच्या त्याच गाइडलाइन्सप्रमाणे नाळेतलं रक्त सोडून बाकी कशाच्या बँकिंगला परवानगीच नाहीये, हे सांगितल्यावर कॉल कट.