'द विकेड किंग': शत्रूचा शब्द आणि बहिणीचा

होली ब्लॅकच्या परीलोकावरच्या कादंबरीत्रयीतलं दुसरं पुस्तक 'द विकेड किंग' (2019) मी दुसऱ्यांदा वाचलं ते त्यातल्या टॅरिनसाठी. पहिल्या वेळी तिच्यावर इतकी चिडले होते की शेवटची प्रकरणं नुसती पळवली. मग सोळा वर्षांच्या भाचीचा फोन आला. "मावशी, पण टॅरिनचं चुकलं काय?" मला पटकन उत्तर देता येईना.

मागचं थोडक्यात सांगते. ज्यूड आणि टॅरिन माणसांच्या जुळ्या मुली. त्या सात वर्षांच्या असताना परीलोकातल्या सेनापती मॅडॉकने त्यांच्यासमोर त्यांच्या आईवडिलांना मारलं आणि मोठ्या बहिणीसकट तिघींना परीलोकात नेऊन वाढवलं. ज्यूडला तलवार त्याने शिकवली, डावपेचही त्यानेच. पहिल्या भागाच्या, 'द क्रूएल प्रिन्स'च्या शेवटी तिने ते त्याच्यावरच उलटवले, परीलोकाचा राजपुत्र कार्डनला गादीवर बसवलं आणि एक वर्ष एक दिवस आपली आज्ञा पाळायच्या शपथेत बांधलं. हा भाग उघडतो तेव्हा त्यातले पाच महिने सरलेत. आणि जवळचंच कुणीतरी दगा देणार, हे ज्यूडला कळतं.

इथल्या परीलोकातल्यांना खोटं बोलता येत नाही. 'नरो वा कुंजरो वा' मात्र सगळ्यांनाच जमतं. सरळ खोटं बोलू शकतात ती फक्त माणसं. म्हणजे शत्रूचं वाक्य शब्द न् शब्द उलगडून त्यातली पळवाट शोधता येते, पण सख्ख्या बहिणीचं वाक्य तपासायला काहीच साधन नाही. लेखिकेने हा नियम इतका नेमका वापरलाय की दुसऱ्या वाचनात टॅरिनचं प्रत्येक साधं वाक्यसुद्धा मी थांबून वाचलं.

समुद्राखालची कैद हा पुस्तकातला सर्वांत जिवंत भाग. ज्यूडवर मोहिनी चालत नाही, हे पकडणाऱ्यांना ठाऊक नाही. त्यामुळे तिला मोहिनी पडल्याचं सोंग आणावं लागतं: भूक लागलेली असताना हसायचं, सांगतील ते निमूट करायचं, डोळ्यांत राग दिसू द्यायचा नाही. जी रोज थोडं थोडं विष घेऊन ते अंगात मुरवते, तिला इथे फक्त चेहरा सांभाळायचाय आणि तेच जास्त अवघड जातं. हा भाग फार लवकर आटोपलाय, मला आणखी हवा होता. उलट सुरुवातीच्या दरबारी बैठका लांबल्यात. मोठी बहीण व्हिव्ही आणि तिची माणूस प्रेयसी हेदर यांचं प्रकरणही घाईत उरकलंय. व्हिव्हीने आपण कोण आहोत हे हेदरपासून लपवलं, ही केवढी मोठी गोष्ट होती!

मॅडॉक मात्र अप्रतिम उतरलाय. ज्यूड त्याच्याविरुद्ध लढते, पण चाल आखताना डोक्यात त्याचाच आवाज असतो. त्याचंही तिच्यावर खरंच प्रेम आहे, म्हणून तो जास्त धोकादायक.

आता टॅरिन. ती काय करते ते सांगणार नाही. पण ज्यूड हेरगिरी करत होती, राजा बसवत होती, तेव्हा टॅरिनला काय सांगत होती? काहीही नाही. भाचीचा मुद्दा हाच होता आणि तो खरा आहे. तरी मी टॅरिनला माफ केलेलं नाही. टॅरिनचा प्रियकर लॉक दोघींना खेळवत होता तेव्हा हीच गप्प बसली होती. परवा फोनवर हे म्हटलं तर भाची म्हणाली, "मग ज्यूडने तिच्यावर पुन्हा विश्वास का ठेवला?" त्यावर आमचा अजून वाद चालू आहे.

पहिला भाग वाचल्याशिवाय हा उघडू नका. आणि तिसरा जवळ ठेवा, कारण हा फार वाईट ठिकाणी संपतो.