आमच्या मंडळीची मंगळवारची घरसभा: कशी आहे, कोणासाठी आहे

रविवारच्या उपासनेवर मत द्यायला सगळे तयार असतात. गायन कसं झालं, संदेश किती लांबला, माइक मध्येच शिट्टी का मारत होता. घरसभेबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नवीन येणारा माणूस हमखास विचारतो, 'मंगळवारी नेमकं काय असतं हो?' आणि त्याला उत्तर मिळतं, 'या ना, बरं वाटेल.' एवढ्या उत्तरावर दिवसभर राबलेल्या माणसाने संध्याकाळी घराबाहेर का पडावं? म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी नर्स आहे. ड्युटी फिरती, त्यामुळे रविवार हातात असेलच याची खात्री नाही. पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू) म्हणाले, 'रविवार चुकला तर निदान मंगळवारी येत जा.' गेले, आणि टिकले. त्याआधी एका दुसऱ्या मंडळीतल्या गटाचाही अनुभव घेतला होता, म्हणून तुलना करता येते.

स्वरूप साधं आहे. दीड तास, आळीपाळीने कोणाच्या तरी घरी. एक-दोन गीतं, पवित्र शास्त्रातला एक उतारा, त्यावर सगळ्यांचं बोलणं, मग प्रार्थना विनंत्या आणि प्रार्थना. कागदावर पाहिलं तर इतर कुठल्याही घरसभेपेक्षा वेगळं काही नाही. वेगळी आहे ती वही.

आमच्यातल्या एक ताई ही वही सांभाळतात. पानावर तीन रकाने आखलेले असतात: तारीख, कोणी काय विनंती केली, आणि तिसरा 'पुढे काय झालं'. सभेची सुरुवात नव्या विनंत्यांनी होत नाही, या तिसऱ्या रकान्याने होते. 'भाऊ, मुलाखतीचं काय झालं?' 'काकू, डोळ्यांची तारीख मिळाली का?' हॉस्पिटलात ड्युटी बदलताना आम्ही जो हँडओव्हर देतो-घेतो, तसंच हे. ताप होता एवढं सांगून कोणी सुटत नाही. पुढचा विचारतोच, उतरला का? जुन्या गटात प्रत्येक विनंतीवर 'आमेन' व्हायचं आणि पुढच्या आठवड्यात तीच विनंती पुन्हा कोऱ्या पाटीवर यायची. तिथे प्रार्थना कमी होती असं मी म्हणणार नाही. आठवण कमी होती.

या वहीमुळेच एक गोष्ट उघड झाली. गटातली एक बहीण (मंडळीतल्या बायकांना आम्ही असंच म्हणतो) दर मंगळवारी सासूबाईंसाठी विनंती द्यायची. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तिसऱ्या रकान्यात दर वेळी 'तसंच आहे'. शेवटी गटनायकांनी विचारलं, 'प्रार्थना करूच, पण ताई, तुमचं अडतंय कुठे?' खोली एकदम गप्प झाली. मग हळूहळू निघालं: पाठीवर जखम व्हायला लागली आहे, आणि घरी दुसरं कोणी नाही म्हणून कित्येक रविवार उपासनेला जाता आलेलं नाही. मंगळवारी नवरा लवकर येतो, म्हणून तेवढं जमतं.

पहिलं काम माझ्याकडे आलं. घरी जाऊन तिला दाखवलं: दर दोन तासांनी कूस बदलायची, पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी लावून थोडं कलतं ठेवायचं, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा गादीपासून अधांतरी राहू द्यायच्या, चादरीला चुणी पडू द्यायची नाही. आणि लाल झालेल्या जागी चोळायचं नाही; बरं वाटेल म्हणून माणसं नेमकं तेच करतात. जखम डॉक्टरांना दाखवायला लावली ते वेगळंच. दुसरं काम गटातल्या एका जोडप्याने उचललं. ते आलटून पालटून रविवारी सकाळी आजींजवळ बसतात आणि बहीण उपासनेला जाते. त्यातले काका निवृत्त आहेत. ते आजींना स्तोत्रं वाचून दाखवायला लागले, तर दुसऱ्याच रविवारी आजींनी त्यांना मध्येच थांबवलं. ओळ सुटली होती. आजींना स्तोत्रं तोंडपाठ आहेत! आता काका घरी आधी सराव करून जातात. करिंथकरांना (करिंथ शहरातल्या मंडळीला) लिहिताना प्रेषित पौल म्हणतो की शरीराचे जे अवयव दुबळे दिसतात तेच जास्त गरजेचे असतात. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण काकांचं पाठांतर सुधारलेलं पाहिल्यावर ते मला जास्त कळलं.

म्हणजे रविवार कुचकामी का? मुळीच नाही. वचनाचा नीट केलेला बोध आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) मंगळवारी मिळत नाही, आणि ज्यांना घरसभा हीच आपली मंडळी वाटू लागते त्यांच्याबद्दल मला काळजीच वाटते. पण रविवारी आपण ओळीने बसतो आणि पुढच्याच्या मानेकडे बघतो. एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांजवळ पापं कबूल करा, एकमेकांना बोध करा, ही सगळी 'एकमेकां'ची वचनं त्या मानेला उद्देशून पाळायची कशी? शिवाय करिंथच्या मंडळीत लोक जमत तेव्हा कोणाजवळ स्तोत्र असे, कोणाजवळ शिक्षण, आणि पौल सांगतो की हे सगळं उन्नतीसाठी, म्हणजे एकमेकांना विश्वासात बळकट करण्यासाठी, होऊ द्या. प्रत्येकाने काहीतरी घेऊन यायचं हे त्यात गृहीतच आहे. आमच्या रविवारी बहुतेक जण फक्त अर्पणाचं पाकीट घेऊन येतात.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी: प्रार्थनेच्या नावाखाली चालणाऱ्या चौकशा. 'अमक्याच्या घरी जरा अडचण आहे, प्रार्थनेत घ्या', असं म्हणून जे सुरू होतं ते प्रार्थना नसतं. एका कुटुंबातल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, ती गोष्ट असल्याच एका 'विनंती'तून मंडळीभर पसरली आणि ते कुटुंब पुढे बरेच दिवस यायचं थांबलं. त्यानंतर आमच्या गटात नियम झाला: विनंती स्वतःची द्यायची, दुसऱ्याची असेल तर त्याला विचारून द्यायची, आणि इथलं इथेच ठेवायचं. कोणी विसरलं तर वहीवाल्या ताई पेन खाली ठेवतात. बोलत काहीच नाहीत, फक्त पेन खाली ठेवतात. पुरतं तेवढं.

दुसरी तक्रार, वचनं फेकण्याची घाई. गटातल्या एका काकांच्या पत्नी वारल्या. त्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी एकाने त्यांना सांगितलं की देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. वचन खरं आहे, मी त्यावर विश्वास ठेवते. पण त्या संध्याकाळी ते तोंड बंद करण्यासाठी वापरलं गेलं, आणि काकांचं तोंड खरंच बंद झालं. पवित्र शास्त्रातल्या, दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले, कोणी एक शब्द बोललं नाही. तिथपर्यंत त्यांचं सगळं बरोबर होतं. बिघडलं ते त्यांनी बोलायला सुरुवात केल्यावर. हा दोष आमच्या गटातून अजून गेलेला नाही. वॉर्डात नातेवाइकांना सांभाळताना आम्हीही पहिल्यांदा हेच शिकतो की खुर्ची ओढून बसायचं, घड्याळाकडे बघायचं नाही.

गटनायक कधी कधी उताऱ्यावर संदेशच द्यायला लागतात, तेही नोंदवून ठेवते. त्यांच्या पत्नीने खाकरलं की थांबतात.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल विचाराल तर: कोण कोणाला गाडीवर आणणार हे ठरवायला उत्तम, बाकी जोडलेल्या हातांचा पाऊस. दुःखाची बातमी टाकणाऱ्याला त्या हातांच्या रांगेतून काय मिळतं, देव जाणे. अपवाद एका मावशींचा. त्या टाइप करत नाहीत, थेट प्रार्थना रेकॉर्ड करून पाठवतात, मागे कुकरची शिट्टी वगैरे सगळ्यासकट. रात्रपाळीत मी ती एकदा स्टोअर रूममध्ये उभी राहून ऐकली आहे, आणि ड्युटीवर परत गेले तेव्हा बरी होते.

सगळ्यात जास्त गुण मी देईन ते कोणाची चूक सुधारण्याच्या पद्धतीला. उन्नती म्हटलं की आपल्याला शाबासकी आठवते. पण चुकलेल्याला त्याचा मान राखून सरळ करणं हे जास्त कठीण काम आहे, आणि फारच थोड्या मंडळ्यांना ते जमतं. आमच्यात नुकताच विश्वासात आलेला एक तरुण आहे, उत्साही. एका मंगळवारी तो ठासून म्हणाला की आजार बरा होत नाही तो विश्वास कमी पडतो म्हणून. समोर सासूबाईंसाठी विनंती देणारी ती बहीण बसलेली! माझ्या तर तोंडावर आलं होतं सगळं. गटनायक एवढंच म्हणाले, 'यावर आपण नीट बोलू,' आणि पुढचं गीत सुरू केलं. सभा संपल्यावर गटनायक आणि त्यांच्या पत्नी दोघं त्याला घेऊन घरी गेले. पुढच्या मंगळवारी त्यानेच योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडला. जन्मांध माणसाकडे बघून शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानंही नाही आणि त्यांनीही नाही. तरुणाने ते वाचलं, आणि मग त्या बहिणीकडे वळून, 'ताई, गेल्या वेळी मी बोललो ते चूक होतं,' असं म्हणाला. कोणी त्याला म्हणायला लावलं नव्हतं.

पवित्र शास्त्रातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात अपुल्लोसाची गोष्ट आहे. इफिस इथल्या सभास्थानात तो जोरात बोलत होता, शास्त्रात पटाईत, पण बाप्तिस्मा त्याला फक्त बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा माहीत, येशूच्या नावाचा नाही. प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने त्याला तिथल्या तिथे टोकलं नाही. त्याला आपल्याकडे घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. पुढे हाच माणूस अखया प्रांतात विश्वासणाऱ्यांच्या फार उपयोगी पडला. आमच्या गटनायकांनी हा अध्याय नुसता शिकवलेला नाही, वापरलेला आहे.

आणि त्यानंतर त्या तरुणाला गप्प बसवून ठेवलं नाही. काही आठवड्यांनी उतारा उघडायचं काम त्यालाच दिलं. यावरून गटात थोडी कुरबुर झाली, कबूल आहे. पण मार्क या तरुण सोबत्याबद्दल पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांच्यात तरी काय झालं होतं? प्रवासात मध्येच सोडून गेलेल्याला पुन्हा बरोबर नको म्हणून पौल अडून बसला, आणि वाद इतका पेटला की दोघं वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला (सायप्रस बेटावर) गेला. पुढे पौलच आपला शिष्य तीमथ्य याला लिहितो की मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. हे दुसऱ्यांदा काम देणारं माणूस प्रत्येक मंडळीत असतं असं नाही. आमच्यात आहे.

सध्याची अडचण गर्दीची. गट वाढला आहे, आणि वाढल्यापासून लोक पुन्हा वरवरचं बोलायला लागले आहेत: 'सगळं ठीक, प्रभूची कृपा.' तिसरा रकाना वाचण्यातच अर्धा वेळ जातो. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांनी सभागृहाचं कर्ज फेडण्यासाठी साधारण बारा-बारा जणांचे गट पाडले. प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करायची, आणि ती गोळा करायला एक जण घरोघर फिरणार. पैशासाठी फिरता फिरता कोण कसं जगतंय हे कळायला लागलं, आणि वेस्लीच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. कर्जाचा हिशोब मागे पडला, गट राहिले. बाराच्या आसपासचा आकडा मलाही योग्य वाटतो. तेवढ्यांचं दुखणं एका माणसाच्या डोक्यात मावतं.

कोणासाठी आहे ही सभा? एकटे असलेले, फिरत्या पाळीचे, मंडळीत नवीन आलेले आणि बऱ्याच वर्षांपासून येऊनही ज्यांना कोणी ओळखत नाही असे, यांनी जरूर यावं. पहिल्या दिवशी कोणी बोलायला लावत नाही. नुसतं बसून राहिलात तरी चालतं. ज्यांना गंभीर कौटुंबिक छळ, व्यसन किंवा मनाचा आजार आहे त्यांनी सगळ्यांसमोर सांगायची घाई करू नये. आधी पाळकांशी आणि त्या विषयातल्या जाणकाराशी बोलावं. आमचा गट प्रेमळ आहे, तज्ज्ञ नाही. फक्त चांगलं गायन ऐकायला येणार असाल तर निराश व्हाल. पेटी आहे, वाजवणारे दर वेळी नसतात.

गट दोन करायचं ठरलं आहे. पहिल्या गटासाठी वही सांभाळणारं कोणीतरी हवं आहे, आणि दुसऱ्यासाठी जागा. घर देणाऱ्यांना एकच विनंती: तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि लिफ्ट नसेल तर कृपया नाव देऊ नका. पेनवाल्या ताईंचे गुडघे दुखतात, आणि त्या नव्या गटात येणार आहेत.