मरीयेचं शुभवर्तमान: दोन प्रती मागवल्या, एक ठेवली

मे महिन्यात ऑनलाइन 180 रुपयांना मागवलेलं पुस्तक आणि जूनमध्ये 640 ला घेतलेलं दुसरं, दोन्ही एकाच जुन्या ग्रंथाची इंग्रजी भाषांतरं. आमच्या वाडीत कुरियरवाला येत नाही, मालवणच्या बाजारात जाऊन पार्सल घ्यावं लागतं, त्यामुळे कोणी मागवणार असेल तर आधी हे वाचा म्हणजे माझ्यासारखी दोनदा फेरी पडणार नाही.

ग्रंथ म्हणजे मरीयेचं शुभवर्तमान. ग्नॉस्टिक, म्हणजे आतल्या ज्ञानातून सुटका मानणारे जे जुने पंथ होते त्यांच्या परंपरेत धरतात तो. बायबलात हा नाही. कव्हरवर मग्दालीया मरीया, म्हणजे येशूची शिष्या, छापलेलं असतं पण ग्रंथात नुसतं मरीया आहे, ती मग्दालीयाच असं बहुतेक अभ्यासक धरतात. कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या जुन्या भाषेतली मुख्य प्रत 1896 मध्ये कैरोत कार्ल रायनहार्ट या जर्मन माणसाने विकत घेतली आणि ती बर्लिनला गेली. कार्ल श्मिट या अभ्यासकाने छापायला घेतली तर 1912 मध्ये छापखान्यात पाण्याचा पाइप फुटून छापलेलं सगळं वाया गेलं, मग दोन महायुद्धं, श्मिटही वारला, शेवटी वॉल्टर टिल या दुसऱ्या अभ्यासकाने 1955 मध्ये छापलं. जवळजवळ 60 वर्षं लागली. आणि एवढं करून हातात काय आलं, तर 19 पानांतली 9. पहिली 6 नाहीतच आणि मधली 11 ते 14 पण नाहीत.

आता स्वस्त प्रतीबद्दल. कागद बरा, अक्षर मोठं, पण ही पानं गेलीत हे कुठेच सांगितलेलं नाही. मागच्या कव्हरवर तर "संपूर्ण" असं लिहिलंय. मी वाचत गेले आणि मधे मला भाषाच वेगळी वाटायला लागली, एकदम चक्रं, ऊर्जा, आरोग्य असं काहीबाही, मग दुसरी प्रत आली तेव्हा शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर जिथे 4 पानं नाहीत बरोब्बर तिथेच छापणाऱ्याने स्वतःचं लिखाण घुसवलंय, खाली साधी टीप पण नाही. मला याचा खरंच राग आला. जे हरवलंय ते हरवलंय म्हणून सांगायचं ना.

कारण ती जागा कुठली आहे बघा. तारणारा, म्हणजे येशू, निघून गेलाय, शिष्य रडतायत, मरीया उठून त्यांना धीर देते. मग त्या शिष्यांतला पेत्र तिला म्हणतो, आम्हाला माहीत नाही असं तुला जे सांगितलंय ते सांग. ती सांगायला लागते की मी त्याला दर्शनात पाहिलं आणि विचारलं, दर्शन दिसतं ते जिवाला दिसतं की आत्म्याला. तो म्हणतो दोघांनाही नाही, दोघांच्या मधे जे मन आहे ते बघतं, आणि ते... बस. वाक्य अर्धंच. पुढची 4 पानं नाहीत. पंधरावं पान उघडतं तेव्हा जीव वर निघालेला असतो आणि वाटेत वासना त्याला अडवते, की तू खाली येताना मला दिसला नाहीस, मग आता वर कसा चाललास, तू तर माझा. जीव म्हणतो, मी तुला पाहिलं, तू मला ओळखलंच नाहीस, मी तुझं नुसतं वस्त्र होतो. इथे मी पुस्तक मिटून पडवीत बराच वेळ बसले. आपल्याला गीतेतलं जुन्या वस्त्रांचं आठवणारच, पण हे वेगळं आहे, इथे वासनेला तोंडावर उत्तर दिलंय.

महाग प्रतीत या जागी कोरी पानं सोडलीत. खरोखर कोरी, वर फक्त पानाचा आकडा. आमच्या घरी श्रावणात वाचायच्या पोथीची मधली काही पानं कसरीने खाल्ली होती, आजोबांनी तिथे साधे कागद शिवून घातले होते आणि आजी वाचताना ते कोरे कागदही एकेक करून उलटायची, आम्ही पुढे चल म्हटलं की म्हणायची, "हयसर पान नाय, गप रव." त्या कोऱ्या पानांवर बोट ठेवलं तेव्हा मला तीच आठवली.

या प्रतीच्या टिपाही चांगल्या आहेत. जिवाला वाटेत वासनेसारख्या चार सत्ता अडवतात, त्यातली पहिली कोणती ते हरवलेल्या पानांत गेलंय, पण चौथी म्हणजे क्रोध, त्याची 7 रूपं दिलीत त्यात पहिला अंधार येतो, म्हणून पहिली सत्ता अंधारच असावी असा अंदाज, आणि तो टिपेतच ठेवलाय, मजकुरात घुसवलेला नाही. ग्रीकमधले दोन तुकडेही दिलेत, दोन्ही तिसऱ्या शतकातले, एक इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसचा आणि एक मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयातला, पण त्यांनी गहाळ पानं भरत नाहीत. शेवट मात्र वेगळा आहे. पेत्र आणि दुसरा शिष्य अंद्रिया मरीयेवर विश्वास ठेवत नाहीत, ती रडते, लेवी नावाचा शिष्य तिची बाजू घेऊन पेत्राला सुनावतो की तू पहिल्यापासून तापटच. मग कॉप्टिकमध्ये सगळे प्रचाराला निघतात आणि ग्रीकमध्ये एकटा लेवी. हे दोन्ही शेवट समोरासमोर छापलेत, ते बघून अंगावर काटा आला.

तक्रार एकच, बांधणी. नुसती गोंदाने चिकटवलीय, आमच्याकडच्या पावसाळी हवेत पंधरा दिवसांत पानं सुटायला लागली. मी मालवणात दोऱ्याने शिवून आणलं, 60 रुपये. घेणार असाल तर मागवायच्या आधी आतल्या पानांचे फोटो बघा, मजकूर सातव्या पानापासून सुरू होतो का आणि दहानंतरचा मजकूर थेट पंधराव्या पानावर येतो का तेवढं तपासा. स्वस्त प्रत मी परत पाठवलीय, पैसे अजून यायचेत.